दक्षिणा कुणाची, फळ कुणाचे

शेतकऱ्याने पेंढा जाळला नाही, बांध घातला, पाणी अडवले, झाड राखले आणि त्याबद्दल सरकारने त्याच्या खात्यात पैसे जमा केले, तर त्या कामाचे पुण्य त्याच्याकडे उरते का? लखनौच्या विकास नगरातल्या आमच्या गीता-वाचनात हा प्रश्न निघाला. कर्मयोगाचा तिसरा अध्याय चालू होता आणि बाहेर नोव्हेंबरातली ती घसा धरणारी करडी हवा होती. आमच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ, सज्जन आणि व्यासंगी, कळकळीने म्हणाले, की ज्या देशात भूमीला आई म्हणतात तिथे तिला आग लावू नये म्हणून पैसे मोजावे लागत असतील, तर धर्म बुडाला म्हणायचे. बहुतेकांनी मान डोलावली. मला तसे वाटले नाही. त्यांचे दुःख खरे आहे, पण त्यातून निघणारा निवाडा अन्यायाचा आहे, आणि तो का हे शास्त्राच्याच आधाराने सांगता येते.

माझे वडील रेल्वेच्या नोकरीत वाईहून लखनौला आले आणि इथलेच झाले. मी इथे शाळेत संस्कृत शिकवले. उत्तरेत शिक्षिकेला बहनजी म्हणतात. निवृत्त झाले तरी माझे तेच नाव राहिले आहे. घरातल्या कपाटात मीमांसाकोशाचे सात खंड आहेत. केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेला हा कोश वाईच्या प्राज्ञपाठशाळेने १९५२ ते १९६६ या काळात काढला आणि वडिलांनी पगारातून पैसे बाजूला ठेवून एकेक खंड मागवला. आता श्रौतयज्ञ कोण करतो, मग मीमांसा कशाला वाचायची, असे शाळेतल्या मैत्रिणी विचारत. माणसे एकत्र येऊन एखादे मोठे काम करतात तेव्हा कष्ट कुणाचे, खर्च कुणाचा आणि फळ कुणाचे, याचा इतका बारीक विचार मी दुसऱ्या कुठल्या शास्त्रात पाहिलेला नाही. म्हणून वाचायची.

पण आधी शेत पाहू. टेढी पुलियाहून कुर्सी रोडला लागले की गुडंबा मागे पडते, नव्या वसाहती विरळ होत जातात आणि पुढे बाराबंकी जिल्ह्यात भाताची आणि मेंथ्याची शेते लागतात. आमच्या घरचा तांदूळ त्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडून येतो. त्याच्या नावावर जमीन नाममात्र आहे, कसतो ती बहुतेक बटाईची, म्हणजे आपल्याकडच्या वाटेकऱ्यासारखी. ऑक्टोबरच्या शेवटी भात कापणीला येतो. गहू नोव्हेंबर संपण्याआधी पेरला पाहिजे, उशीर झाला की फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दाणा भरत नाही. मधे हाताशी पंधरा-वीस दिवस. हाताने कापायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून भाड्याचे कंबाइन येते. ते वरची लोंबी घेऊन जाते आणि खाली गुडघ्याएवढी धसकटे आणि विखुरलेला पेंढा सोडून जाते. त्यात साधे पेरणीयंत्र चालत नाही. काडी ओढली की तासाभरात शेत मोकळे.

त्याला हे ठाऊक नाही असे नाही, की आगीबरोबर काय जाते. एक टन पेंढा जळला की सुमारे साडेपाच किलो नत्र, दोन किलोंहून थोडे अधिक स्फुरद आणि पंचवीस किलो पालाश जमिनीच्या हातून जाते. जिवाणू आणि गांडुळे जातात ती वेगळीच. मी त्याला हे आकडे सांगू लागले तेव्हा तो म्हणाला, ‘‘बहनजी, राख झालेल्या शेतात पहिलं पाणी दिलं की जो वास येतो, तो मला आवडतो असं वाटतं का तुम्हाला?’’ मग त्याने मला त्याच्या आजोबांच्या वेळचे सांगितले. तेव्हा हाच पेंढा, ज्याला तो पुआल म्हणतो, घरात जपून ठेवत. बैल तो खात, थंडीत माणसे तो अंथरून निजत, छपरावर तो चढे, आणि गोठ्यातले शेण पुन्हा शेतात जाई. बैल गेले आणि या चक्राचा आरा निखळला. आज त्याच गावात पेंढ्याला कोणी विचारत नाही, आणि धन्याने सोडून दिलेली जनावरे रात्री उभ्या पिकात शिरतात म्हणून लोक बॅटऱ्या घेऊन जागतात.

या तुटलेल्या चक्राला सरकार पैशाने ठिगळ लावते आहे. उत्तर प्रदेशात २०१९ पासून निराधार गाय सांभाळणाऱ्याला रोज ३० रुपये मिळू लागले, २०२३ मध्ये ते ५० झाले. एका घराला चारपर्यंत जनावरे घेता येतात. ‘पराली दो, खाद लो’ या मोहिमेत शेतकऱ्याने पेंढा गोशाळेला द्यायचा आणि शेणखत घरी न्यायचे. २०१८ पासून केंद्राच्या योजनेत पेंढा कापून मातीत मिसळणारी आणि त्यातच गहू पेरणारी यंत्रे घेण्यासाठी एकट्या शेतकऱ्याला निम्मी किंमत आणि गटाला किंवा सहकारी संस्थेला ८० टक्के मिळतात. दुसऱ्या हातात दंड आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तो पेंढा जाळणाऱ्या दोन एकरांखालच्या शेतकऱ्याला २,५०० रुपये, पाच एकरांपर्यंत ५,००० आणि त्यावर १५,००० असा ठरवला होता. आणि ६ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेश या राज्यांना सांगितले, की ज्या लहान शेतकऱ्यांनी पेंढा जाळलेला नाही त्यांना क्विंटलमागे १०० रुपये द्या. आमच्या ज्येष्ठ सभासदांना बोचला तो हा आदेश. काही न केल्याबद्दल पैसे!

त्यांच्या बोचणीमागे एक तत्त्व आहे आणि ते हलके नाही. शास्त्रात कर्मांचे प्रकार सांगितले आहेत. फळाच्या इच्छेने केलेले ते काम्य. रोज करायचेच, न केले तर दोष लागतो ते नित्य. आणि करूच नये असे सांगितलेले ते निषिद्ध. निषिद्ध टाळले म्हणून स्वर्ग मिळत नाही. चोरी न करणाऱ्याला कोणी बक्षीस देत नाही. शेत पेटवणे हे शेजाऱ्याच्या श्वासाला इजा करणारे कर्म आहे, ते टाळणे एवढीच अपेक्षा, त्याचे मोल कसले? शिवाय निष्काम कर्माचा उपदेश आहेच. भूमीची सेवा फळाची आस धरून केली तर ती सेवा राहिली कुठे?

निष्काम कर्मापासून सुरुवात करते, कारण तिथे आपण सर्वांत सहज घसरतो. अर्जुनाला जे सांगितले ते अर्जुनाने स्वतः आचरायचे आहे. फळाची आस सोडण्याची मागणी माणूस स्वतःकडे करतो. ती दुसऱ्याकडे केली की तिचे रूप पालटते. मग ती फुकट राबवून घेण्याची सबब होते. जमीनदारांनी कुळांना आणि घरांनी सुनांना हाच उपदेश पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. आमच्या त्या वाचनात बसलेले आम्ही सगळे निवृत्तिवेतनावर जगतो. मी तीसएक वर्षे पगार घेऊन रघुवंश शिकवला आणि त्याने शिकवण्याचे पुण्य कमी झाले असे मला कोणी कधी म्हटले नाही. मग ज्याचा एका हंगामाचा भात पडला तर वर्षाचा हिशेब कोलमडतो, त्याच्याकडून वैराग्य मागण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

आता यज्ञाकडे वळते, कारण तिसऱ्या अध्यायाचा कणा तोच आहे. अन्नापासून जीव, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस असे फिरणारे चक्र तिथे सांगितले आहे, आणि त्या चक्रातून घेऊन परत काही न देणाऱ्याला सरळ चोर म्हटले आहे. आमच्या चर्चेत हा शब्द आपोआप शेतकऱ्याला जाऊन चिकटला. मी विचारले, चक्रातून घेतो कोण? भात खातो कोण, श्वास घेतो कोण, आणि परत काय देतो?

उत्तरासाठी यज्ञाचाच हिशेब पाहू. सोमयागात सोळा ऋत्विज, म्हणजे यज्ञ करणारे पुरोहित, असतात. होता, अध्वर्यू, उद्गाता आणि ब्रह्मा हे चार प्रमुख, प्रत्येकाच्या हाताखाली तिघे. यज्ञ होतो यजमानासाठी. राबतात ऋत्विज, जागतात ऋत्विज, मंत्र चुकू नये म्हणून आयुष्य घालवलेले असते ऋत्विजांनी; पण फळ मिळते यजमानाला. मीमांसासूत्रांचे कर्ते जैमिनी यांनी यावर चांगला ऊहापोह केला आहे: दुसऱ्याच्या हातांनी केलेल्या कर्माचे फळ आपल्याला मिळावे हे न्याय्य कसे? त्यांचे उत्तर असे, की यजमान दक्षिणा देऊन ऋत्विजांचे श्रम विकत घेतो. दक्षिणा म्हणजे दान नव्हे, देणाऱ्याचा उदारपणा नव्हे. ती मोबदला आहे, आणि ती दिली म्हणूनच फळावर यजमानाचा हक्क. ज्योतिष्टोम या सोमयागाची दक्षिणा ११२ गाई सांगितली आहे आणि त्या गाई सोळा जणांत कशा वाटायच्या, कोणाला पूर्ण वाटा, कोणाला अर्धा, तिसरा, चौथा, हेही ठरलेले आहे. ऋत्विजाने दक्षिणा घेतली म्हणून यज्ञ विटाळला असे मला कुठे आढळले नाही. उलट गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस यज्ञाची लक्षणे सांगताना, ज्यात दक्षिणा नाही तो तामस, असे स्पष्ट आहे.

कुर्सी रोडच्या त्या शेतात पेंढा न जाळता मातीत गाडला, तर फळ कोणाला? थोडे त्या शेताला: तीन-चार हंगामांनी माती भुसभुशीत होईल, पाणी धरील. पण या नोव्हेंबरात मोकळा श्वास मिळेल तो विकास नगराला, अलीगंजला, जानकीपुरमला, ज्यांनी धसकटांकडे पाहिलेलेही नाही त्यांना. यंत्राचे भाडे, डिझेल, उशिरा झालेल्या पेरणीची जोखीम मात्र त्याची. इथे राबणारा ऋत्विज तो आहे आणि यजमान आम्ही. पैसे देऊन आम्ही त्याचा धर्म विकत घेत नाही. पैसे न देता त्याच्या कष्टांचे फळ घेतले, तर आमचा यज्ञ तामस होतो. निषिद्धाचे म्हणाल, तर जाळण्याचा दोष दोषच राहतो, मी तो धुऊन काढत नाही. पण न जाळण्यासाठी हजारो रुपये घालावे लागतात तिथे ‘काही न करणे’ हे वर्णनच खोटे आहे. ते कष्टाचे आणि खर्चाचे कर्म आहे.

ही माझ्या डोक्यातून निघालेली नवी कल्पना नाही. कौटिल्याने तळी आणि बंधारे नव्याने बांधणाऱ्याला पाच वर्षे करमाफी सांगितली आहे, मोडकळीला आलेले दुरुस्त करणाऱ्याला चार, गवताझुडपांनी भरलेले साफ करणाऱ्याला तीन. आपल्या मराठी राज्यात रामचंद्रपंत अमात्यांनी सुमारे १७१५ मध्ये लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विषय येतो. गलबतांना लाकूड तर हवे. पण रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात; एखादे झाड फार जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याचे समाधान करून मगच घ्यावे. राज्याची गरज मोठी आणि झाड एका गरीब कुणब्याचे, तरी जबरदस्ती नाही आणि फुकट नाही. हे वाचताना मला नेहमी वाटते, की राज्याच्या धर्माची कसोटी अशाच लहान जागी लागते.

आमच्या गटातल्या एक बाई, माहेरच्या नगरच्या, म्हणाल्या, ‘‘अहो, पण हिवरे बाजारला श्रमदान झालं, ते काय पैशांनी?’’ प्रश्न चांगला होता. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते गाव उजाड होते. नंतर गावाने चराईबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले, ऊस आणि केळी बंद केली, आणि दर पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून मगच रब्बीचे पीक ठरवायची चाल पाडली. सरकारी योजनांचा पैसा तिथेही आला, आदर्श गाव योजनेतून आणि रोजगार हमीतून, पण गावाच्या नियमांना कोणी पैसे मोजले नाहीत. हे कसे बसते?

मीमांसेत याचेही उत्तर आहे आणि ते मला फार सुंदर वाटते. यज्ञाचा एक प्रकार सत्र. त्यात किमान सतरा जण एकत्र येतात, आणि जे ऋत्विज तेच यजमान. फळ सगळ्यांचे सारखे. आणि सत्रात दक्षिणा नाही, कारण कोण कुणाला देणार? हिवरे बाजार हे सत्र आहे. डोंगरावर चर खणणाऱ्याच्याच विहिरीला पाणी उतरते. तिथे मोबदला मागणे विचित्र दिसेल. म्हणून शेतकऱ्याला पैसे द्यावेत की नाहीत याचे एकच उत्तर सगळीकडे चालणार नाही. फळ कुठे जाते ते पाहावे. गावातच राहत असेल तर गावाने सत्र करावे, सरकारने फार तर सामान पुरवावे. फळ गावाची शीव ओलांडून शहराकडे, खालच्या नदीकडे, पुढच्या पिढीकडे जात असेल, तर ज्याच्याकडे जाते त्याने दक्षिणा द्यावी. गावाला श्रमदानाचे धडे देऊन शहराने स्वतःची दक्षिणा चुकवू नये.

पैशाचे धोके मला दिसत नाहीत असे कोणी समजू नये. इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलाला न्यायला उशीर करणाऱ्या आईबापांना दंड लावला, तर उशीर वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही तो पूर्वीइतका उतरला नाही. दंड भरला की चुकीची लाज संपली, उरली फक्त किंमत. पेंढ्याच्या दंडाचे तेच होऊ शकते; यंत्राच्या भाड्याहून दंड स्वस्त पडला तर माणूस दंड भरून मोकळा होईल. मोबदल्याचेही तसेच होते. अमेरिकेत १९८५ च्या कायद्याने धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षे पडीक ठेवण्याबद्दल शेतकऱ्यांना भाडे मिळू लागले. २००७ मध्ये अशी सुमारे ३ कोटी ७० लाख एकर जमीन होती. पुढे धान्याचे भाव चढले, करार संपत गेले, सरकारनेही मर्यादा खाली आणली, आणि दहा वर्षांत ती अडीच कोटींच्याही खाली आली. गवत उपटून पुन्हा नांगर चालला. नुसत्या पैशावर उभे राहिलेले संवर्धन पैशाबरोबर जाते, हे मान्यच केले पाहिजे.

पण दक्षिणेने ऋत्विजाची श्रद्धा विकत मिळते असे यज्ञशास्त्रही कुठे म्हणत नाही. ती त्याच्या श्रमांची आहे. श्रद्धा त्याची त्याने आणावी, जशी मी माझ्या वर्गात आणत असे किंवा आणत नसे, पगार दोन्ही दिवशी तोच. आणि श्रद्धा टिकायची असेल तर देणाऱ्याच्या हातात सुसंगती हवी. आमच्या राज्यात १ एप्रिल २०२३ पासून शेतकऱ्यांच्या खाजगी कूपनलिकांची वीज माफ आहे. याच राज्यात ठिबक आणि तुषार सिंचनासाठी लहान शेतकऱ्याला ९० टक्के आणि इतरांना ८० टक्के अनुदान आहे. एका हाताने उपसायला पैसे, दुसऱ्या हाताने वाचवायला पैसे. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे वीजबिल उतरले याचा मला आनंदच आहे, पण त्याला यातून भूजलाबद्दल राज्याचे म्हणणे काय ते कळणार नाही. ज्या यजमानाला स्वतःलाच संकल्प ठाऊक नाही, त्याच्या ऋत्विजांकडून एकाग्रतेची अपेक्षा करता येत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसले, तिच्याकडे येते.

आमचा तांदूळवाला जी जमीन कसतो तिची खतौनी, म्हणजे आपला सातबारा म्हणा, दुसऱ्याच्या नावावर आहे. तो मालक शहरात राहतो. बटाईचा करार तोंडी. पिकाचा अर्धा वाटा मालकाचा. नांगरट, मजुरी आणि कंबाइनचे भाडे कसणाऱ्याचे. अनुदानाच्या अर्जाला खतौनीची नक्कल लागते, बँकेचे खाते खातेदाराचे लागते. म्हणजे पेंढा मातीत गाडला तर खर्च बटाईदाराचा, आणि त्याबद्दल सरकारकडून जे काही येईल ते मालकाला. गेल्या हंगामात त्याने भाड्याने यंत्र आणून पेंढा गाडला. गव्हाची पेरणी लांबली. मालकाला त्याने विचारले, की यंत्राच्या भाड्यातला काही भार तुम्ही उचलाल का. मालक म्हणाले, जमीन माझी सुधारली हे खरे, पण मी तुला सांगितले नव्हते. हे सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. या हंगामात काय करणार, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘‘बघू, बहनजी. मन होत नाही जाळायला.’’

हे एका मालकाच्या वाईटपणाचे प्रकरण नाही. विकास नगर, इंदिरा नगर, गोमती नगर, सगळीकडे गावाकडे जमीन असलेली घरे आहेत. आमच्याच गल्लीत आहेत, आणि ती भली माणसे आहेत. महाराष्ट्रातही वेगळे काही नाही. वाईजवळ माझ्या चुलतभावाची थोडी हळदीची जमीन आहे, ती निम्म्या वाट्याने दुसरे कुटुंब कसते, आणि सातबाऱ्यावर त्या कुटुंबाचा मागमूस नाही. बांधबंदिस्ती असो, फळबाग असो, अर्ज सातबाऱ्यावर चालतो. चुलतभावाला मी फोनवर हे बोलले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘ताई, त्यांना नाव लावून दिलं तर जमीन जाईल अशी भीती आहे बाबांच्या वेळेपासूनची.’’ कूळकायद्याची ती भीती आमच्या घरातली जुनीच. ती मी खोटी म्हणणार नाही. पण त्या भीतीपायी ज्याने मातीत हात घातले त्याला दक्षिणेतून वगळायचे, हे कुठल्या शास्त्रात बसते? यजमानाने दक्षिणा दिली आणि ती ऋत्विजाला न मिळता ज्याच्या अंगणात मांडव घातला त्याच्याकडे गेली, तर तो यज्ञ अदक्षिणच राहिला. पैसे सरकारी तिजोरीतून खरोखर निघाले असले तरी राहिला.

विनोबा १९५१-५२ मध्ये भूदानासाठी उत्तर प्रदेशात पायी फिरले. हमीरपूर जिल्ह्यातल्या मंगरौठ गावाने १९५२ मध्ये आपली सगळी जमीन गावाच्या नावे केली. ग्रामदानाची ती पहिली घटना. त्या फिरण्यात विनोबा मालकांना सांगत, की तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. ते भिक्षा मागत नसत, वाटा मागत. त्यांच्या मागण्यातली ही ताठ मान मला त्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाहून मोठी वाटते. भूदानाचे पुढे काय झाले, मिळालेल्या जमिनींतली किती खडकाळ निघाली, हा इतिहास दुःखद आहे. तरी घेणाऱ्याला लाचार न करता घ्यायला शिकवणारा तो माणूस होता, आणि आज अनुदानाची चर्चा चालते तेव्हा नेमके तेच हरवलेले असते. शेतकऱ्याला ‘दिले’ म्हणतात, ‘वाटले’ म्हणतात, पत्रकावर हसरे फोटो छापतात. दक्षिणा देताना यजमान ऋत्विजाला नमस्कार करतो.

तेव्हा आमच्या ज्येष्ठ सभासदांना माझे म्हणणे असे. शेतकऱ्याने पैसे घेतले म्हणून त्याचे पुण्य गेले का, हा हिशेब त्याच्यावर आणि त्याच्या देवावर सोडावा. आपल्याला आपल्या पुण्याची काळजी पुरेशी आहे. त्याने पेंढा गाडला आणि आपण मोकळा श्वास घेतला, तर देणे आपल्याकडे आहे, आणि ते करातून गेले एवढ्यावर आपली सुटका होत नाही, जोवर ते राबणाऱ्या हातात पडत नाही. राज्याने कसणाऱ्याची वेगळी नोंद करावी, मालकीला धक्का न लावता करावी, आणि संवर्धनाचा पैसा त्या नोंदीवर द्यावा. हे होईल तेव्हा होईल.

पण ज्यांची गावाकडे जमीन आहे आणि जी दुसरे कोणी कसते, त्यांना कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. या हंगामात तुमच्या शेतात पेंढा जळला नाही, बांध घातला गेला, झाड राखले गेले, तर ते कोणी केले ते विचारा. यंत्राचे भाडे किती पडले ते विचारा आणि त्यातला आपला वाटा पेरणीआधी पोचवा. त्यापोटी तुमच्या खात्यात काही रक्कम आली असेल तर ती काढून त्याच्या हातात द्या, आणि देताना उपकाराची भाषा वापरू नका.